थांबलेल्या गाडीचा पैसा



स्मृतिव्याख्यानाला भारदस्त विषय लागतो, असा एक समज आहे. तंजावरात तर विषयांची ददात नाही. सरफोजी महाराजांचे ग्रंथालय आहे, मोडीतले रुमाल आहेत, मोठ्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा वंशवृत्तान्त आहे. हे सगळे बाजूला ठेवून वक्ता पार्किंगच्या पावतीवर बोलणार म्हटल्यावर आयोजकांच्या कपाळावर आठी पडली असेल, तर तो त्यांचा दोष नाही. पण सभागृहात येताना यातल्या किती जणांनी गाडी कुठे लावायची म्हणून दोन फेऱ्या मारल्या, ते हात वर करून सांगायला लावले, तर विषय किती जिव्हाळ्याचा आहे हे लगेच कळेल.

प्रश्न साधा आहे आणि गावोगाव विचारला जातो. पुण्यात विचारला जातो, ठाण्यात विचारला जातो, लंडनच्या उपनगरात तर तो उच्च न्यायालयात विचारला गेला. नगरपालिका पार्किंगचे पैसे घेते, दंड घेते, ते रस्त्याला शिस्त लागावी म्हणून की तिजोरी भरावी म्हणून?

चहाच्या टपरीवर याचे उत्तर तयार असते: लुटतात साले. (छापताना हा शब्द गाळला तरी चालेल.) पण लुटतो कोण? आधी तेवढे तरी ठरवायला हवे.

म्हणून पहिला मुद्दा असा की दंड आणि शुल्क हे दोन वेगळे पैसे आहेत, त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत आणि आपल्याकडे निम्मी भांडणे या दोन वाटा एकच समजल्यामुळे होतात. गांधीजी रोडवर कोणी स्कूटर भलत्या जागी लावली आणि वाहतूक पोलिसाने चलन केले, तर तो दंड मोटार वाहन कायद्याखाली होतो. १९८८ चा हा कायदा, त्यातले कलम १७७. १ सप्टेंबर २०१९ पासून दुरुस्ती झाली आणि शंभराचे पाचशे झाले, पुन्हा सापडल्यास पंधराशे. तमिळनाडूने ही वाढ ऑक्टोबर २०२२ मध्ये लागू केली, महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये. मधली दोन-तीन वर्षे दोन्ही राज्ये का थांबली, हे सांगायला राजकीय पंडित नको. मतदार स्कूटरवर बसतो.

आता हे पाचशे रुपये जातात कुठे? राज्य सरकारच्या खात्यात. तंजावर महानगरपालिकेला त्यातला छदामही थेट मिळत नाही. ज्या रस्त्यावर गुन्हा झाला तो रस्ता झाडायचा पालिकेने, दिवे लावायचे पालिकेने, खड्डे बुजवायचे पालिकेने, आणि दंड जायचा चेन्नईला. महाराष्ट्रातही हीच तऱ्हा. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर टोइंगवाल्यांनी गाडी उचलली की पुणेकर शिव्या मोजतो महापालिकेच्या नावाने, पण दंड भरतो तो पोलिसांच्या, म्हणजे राज्याच्या खात्यात. महापालिकेला शिव्या तेवढ्या मिळतात.

हे झाले दंडाचे. शुल्क मात्र पालिकेचे. राज्यघटनेत ७४ वी दुरुस्ती झाली, १ जून १९९३ पासून ती अमलात आली, आणि तिच्याबरोबर बारावी अनुसूची आली. शहरांनी कोणती कामे करावीत त्यांची ही यादी. यादीत अठरा कामे आहेत आणि सतरावे आहे सार्वजनिक सोयींचे: रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे, स्वच्छतागृहे. एका दमात चारही. घटनेतच वाहनतळ हा शब्द आला आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. तेव्हा गाडी लावायची जागा करून देणे हे पालिकेचे काम, त्याचे पैसे घेणे हा तिचा हक्क. चुकीच्या जागी लावलेल्याला धरणे हे मात्र पोलिसांचे काम आणि त्याचे पैसे राज्याचे.

या वाटणीचा परिणाम काय होतो पाहा. पालिकेने एखाद्या गल्लीत पैसे घेऊन गाड्या लावायची सोय केली. गल्लीच्या तोंडाशी मुख्य रस्त्यावर फुकट लावता येते, कारण तिथे पोलीस दिवसातून एखादी चक्कर मारतो. मग सोयीच्या जागेत पैसे देऊन गाडी लावील कोण? शुल्क वसूल व्हायचे तर दंडाची भीती हवी, आणि दंडाची दोरी पालिकेच्या हातात नाही. विलायतेत हा पेच नाही. तिथे १९९१ च्या कायद्याने पार्किंगची चूक हा फौजदारी मामला राहिला नाही. पावती फाडणारा माणूस कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, आणि पैसेही कौन्सिलचे. त्यामुळे तिथे संशय घ्यायला जागा आहे. आपल्याकडे ‘पालिका दंडावर पोसते’ हा आरोप बहुतेक ठिकाणी कागदावरच टिकत नाही.

मग शुल्कावर तरी पोसते का?

इथे ठेकेदार येतो. बसस्थानकाजवळचा दुचाकी स्टँड डोळ्यांसमोर आणा, कुठल्याही गावातला. पत्र्याची शेड, खाली रांगेने लावलेल्या स्कूटर, प्रवेशाशी लाकडी टेबल, टेबलावर पावतीपुस्तक आणि दगडाखाली दाबलेल्या सुट्ट्या नोटा. पावतीचा अर्धा भाग स्कूटरच्या हँडलला, अर्धा मालकाच्या खिशात. सकाळच्या गाडीने तिरुच्चीला नोकरीला जाणारा माणूस रात्री येतो, अर्धा तुकडा दाखवतो, स्कूटर घेतो. व्यवस्था चोख आहे, तिला नावे ठेवायचे कारण नाही. पण हे पैसे पालिकेचे नव्हेत. पालिकेने हा स्टँड लिलावात दिलेला असतो, जसा बाजाराचा फाळा देतात, जशी स्वच्छतागृहे देतात. ठेकेदाराने ठरलेली रक्कम पालिकेला भरायची, वर जे मिळेल ते त्याचे. म्हणजे पालिकेला कळते ती लिलावाची रक्कम. दिवसाला किती गाड्या लागल्या, कुठल्या वेळी जागा भरली, कुठल्या वेळी ओस होती, हे ठाऊक असते टेबलावरच्या माणसाला, आणि तो काही ते आयुक्तांना सांगायला जात नाही.

मुंबईने यात एक समाजकारण आणले. पे अँड पार्कच्या कंत्राटांपैकी निम्मी महिला बचत गटांना आणि पाव हिस्सा सुशिक्षित बेरोजगारांच्या संस्थांना राखून ठेवला. हेतू उत्तम. पण हेतू कोणता, हे बघा: रोजगार. रस्त्याची शिस्त नव्हे, पालिकेचे उत्पन्नही नव्हे. थांबलेल्या गाडीकडे आपण इतक्या तऱ्हांनी पाहतो की तिच्यामुळे रस्ता अडतो, ही गोष्ट शेवटी आठवते.

तेव्हा दुसरा मुद्दा. आपल्या पालिका पार्किंगमधून फार कमावतात, हे गाऱ्हाणे चुकीचे आहे. खरे गाऱ्हाणे हे की त्या काय कमावतात आणि त्याचे काय करतात, हे रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये महापालिकांच्या हिशेबांवर अहवाल काढला, त्यात म्हटले आहे की देशातल्या पालिकांचे महसूल आणि खर्च वर्षानुवर्षे राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपासच घोटाळत आहेत. महाराष्ट्रातल्या पालिकांची जकात गेली. मुंबईची शेवटची, १ जुलै २०१७ रोजी, जीएसटी आला त्या रात्री. तमिळनाडूत एप्रिल २०२२ मध्ये मालमत्ता कर वाढवला, तेव्हा घरोघर काय बोलणे झाले ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. अशा कडकीतल्या संस्थेने गाडी लावायचे पैसे मागितले तर त्यात पाप नाही. मागावेतच. एका मोटारीला पाच मीटर लांब, अडीच मीटर रुंद जागा लागते. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. एवढ्या जागेचे दुकान बाजारपेठेत भाड्याने घ्यायचे म्हटले तर काय पडते? आणि त्याच जागेत एखादीने टोपली मांडून मोगरा विकला, तर अतिक्रमणाची गाडी येते. रिकामी मोटार दिवसभर उभी राहिली तर तिला कोणी उठवत नाही. केंद्राच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणानेच सांगून ठेवले आहे की पार्किंगचे शुल्क जमिनीच्या खऱ्या किमतीला धरून असावे. धोरण आले आणि मंत्रालयांच्या कपाटांत गेले.

श्रोतेहो, आता थोडा वेळ मोठ्या देवळाकडे. विषयांतर वाटेल, पण नाही.

राजराज चोळाने बृहदीश्वराची प्रतिष्ठा केली ती १०१० साली. या देवळाच्या जोत्यावरचे शिलालेख लोक कौतुकाने पाहतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. ते वाचले तर तो चक्क जमाखर्च आहे. देवळाच्या सेवेसाठी चारशे नर्तकी आणल्या, त्यांची नावे कोरली आहेत, आणि राहायला दिलेली घरेही: अमुक वीथी, दक्षिणेची ओळ, पहिले घर, दुसरे घर. प्रत्येकीचा वाटा ठरलेला, वर्षाला शंभर कलम (हे धान्याचे माप) भात. त्याहून मजेची गोष्ट पुढे आहे. देवळाचा पैसा गावोगावच्या सभांना व्याजाने दिला, आणि कुठल्या गावाचे व्याज कुठल्या खर्चाला, तेही कोरून ठेवले. देवाच्या स्नानाच्या पाण्यात घालायची वेलची, चाफ्याच्या कळ्या, वाळ्याची मुळे: यांचा खर्च ठरावीक कर्जाच्या व्याजातून. वेलचीचा पैसा कापराकडे वळवायचा नाही. वळवला तर भिंत साक्षीला उभी.

याच चोळांच्या वंशातला पहिला कुलोत्तुंग ‘शुंगम तविर्त चोळ’ म्हणून ओळखला गेला, जकाती उठवणारा राजा. राजाने लढाया पुष्कळ मारल्या, पण लोकांच्या तोंडी बिरुद राहिले ते जकात माफ केल्याचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेव्हा ऐन निवडणुकीच्या तोंडावर ही कुलोत्तुंगाची युक्ती कोणाला आठवली, हे विचारायला हरकत नाही.

मराठे इथे आले, आणि ज्या कामाचा पैसा त्याच कामाला ही देवळातली शिस्त त्यांनीही पाळली. रामेश्वराच्या वाटेवरची छत्रे, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मशाळा, घ्या. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी बांधले. प्रत्येक छत्राला जमिनी तोडून दिलेल्या, आणि त्या जमिनींचे उत्पन्न वाटसरूंच्या जेवणाला, औषधपाण्याला, मुलांच्या शिक्षणाला. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. त्यानंतर १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट टॉरिनला पत्र लिहिले, ते राज्य परत मागण्यासाठी नव्हे, छत्रांना हात लावू नये म्हणून. एकाच थैलीत सगळा पैसा गेला की वाटसरूचा भात आधी बंद होतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तंजावर जिल्ह्यात छत्रांचा वेगळा कारभार आजही जिल्हाधिकाऱ्यांकडे चालतो.

ही जुनी शिस्त आधुनिक कायद्याने पुन्हा मांडली, आणि गंमत अशी की तो खटलाही जुन्या मद्रास राज्यातला. १९५१ चा मद्रासचा हिंदू धर्मादाय कायदा. त्यात मठांनी आणि देवळांनी आपल्या उत्पन्नातला काही हिस्सा सरकारला द्यायचा होता. शिरूर मठाच्या स्वामींनी आव्हान दिले आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी निकाल दिला. कर आणि शुल्क यांतला फरक या देशात प्रथम नीट सांगितला तो या निकालाने. कर सर्वांकडून, सर्व कामांसाठी. शुल्क मात्र एखाद्या सेवेच्या बदल्यात, आणि त्याचा पैसा त्या सेवेसाठी वेगळा ठेवायला हवा. मठांकडून घेतलेला पैसा सरकारच्या एकत्रित निधीत मिसळत होता, म्हणून न्यायालय म्हणाले, हे शुल्क नव्हे, हा कर झाला. पुढच्या काळात न्यायालयांनी ही तोलणी बरीच सैल केली, पै-पैचा हिशेब जुळलाच पाहिजे असे राहिले नाही. तरी मूळ कसोटी आहे तिथे आहे. पार्किंगच्या पावतीला ती लावून बघा. पावतीवर छापलेले असते ‘शुल्क’. पैसा मिसळतो सर्वसाधारण निधीत.

लंडनच्या बार्नेट उपनगरात शुल्काचा हा प्रश्न वेगळ्या अंगाने आला. २०११ मध्ये कौन्सिलने रहिवाशांच्या पार्किंग परवान्याची किंमत वर्षाला चाळीस पौंडांवरून शंभर केली आणि पाहुण्यासाठीचे कूपन एका पौंडावरून चार पौंडांवर नेले. आजीला भेटायला नातवंडे आली तर दर खेपेला चार पौंड. लोक चिडले, एक रहिवासी न्यायालयात गेला. कौन्सिलचे म्हणणे काय, तर आम्ही हा पैसा रस्ते आणि वाहतुकीवरच घालणार आहोत ना, मग बिघडले कुठे? जुलै २०१३ मध्ये न्यायमूर्ती लँग यांनी निकाल दिला: बिघडले ते हेतूत. १९८४ चा रस्ते वाहतुकीचा कायदा हा पैसा उभारण्याचा कायदा नाही. शिल्लक उरली तर ती वाहतुकीच्या कामांवर खर्च करा, कलम ५५ तसे सांगते. पण शिल्लक उरावी म्हणूनच दर ठरवायचा नाही.

निकाल झाला म्हणून इंग्लंडमधल्या कौन्सिलांची कमाई थांबली का? २०१७-१८ या वर्षात इंग्लंडमधल्या कौन्सिलांना पार्किंगमधून खर्च वजा जाता ८६ कोटी ७० लाख पौंड उरले, आणि एकट्या वेस्टमिन्स्टरला सुमारे सात कोटी. आमचा हेतू उत्पन्नाचा नव्हे, असे प्रत्येक कौन्सिल सांगते, आणि सरकारची मार्गदर्शक सूचनाही तेच बजावते. हेतू कोणी पाहिला आहे? पण हा आकडा इथे तंजावरात बसून सांगता येतो, ही गोष्ट त्या हेतूइतकीच महत्त्वाची आहे. तिथे प्रत्येक कौन्सिलला पार्किंगचा हिशेब वेगळा दाखवावा लागतो. लोक दरवर्षी तो वाचून ओरडतात, वर्तमानपत्रे ठळक मथळे देतात. आपल्याला ओरडायला सुद्धा आकडा मिळत नाही.

आता मुंबई, जिथे दंडही पालिकेनेच लावला. ७ जुलै २०१९ पासून बृहन्मुंबई महानगरपालिकेने एक जबर पाऊल उचलले. सार्वजनिक वाहनतळापासून पाचशे मीटरच्या आत बेकायदा गाडी उभी केली तर दुचाकीला किमान पाच हजार, मोटारीला दहा हजार, आणि अवजड वाहन असेल, वर उशीर केला असेल, तर रक्कम तेवीस हजारांपर्यंत. मुंबईकरांचे डोळे पांढरे झाले. कित्येक दुचाकींची बाजारात विकून तेवढी किंमत आली नसती. हा तरी उघड उघड पैसा उकळण्याचा प्रकार नव्हे का?

थोडे थांबून पाहिले तर चित्र उलटे दिसते. हे वाहनतळ आले कुठून? बिल्डरांनी इमारतीत सार्वजनिक वाहनतळ बांधून द्यायचे आणि त्या बदल्यात वाढीव एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, घ्यायची, अशा सवलतीतून. बिल्डरांना मजले मिळाले, पालिकेला वाहनतळ मिळाले, आणि ते वाहनतळ ओस राहिले, कारण खाली रस्त्यावर फुकट जागा होती. दहा हजारांचा दंड हा त्या ओस मजल्यांवर गाड्या चढवण्याचा धाक होता. ज्याला खरोखर पैसा कमवायचा असतो तो दोनशे रुपये दंड ठेवतो आणि दिवसाला हजार पावत्या फाडतो. दहा हजार मागणारा माणूस घेणाऱ्या-देणाऱ्यांमध्ये तोडपाणीला मात्र मोकळे रान करून देतो. दंड दहा हजार असला की पाचशेची चिरीमिरी दोघांनाही स्वस्त. पुढे काही महिन्यांतच पालिकेला ही रक्कम खाली आणावी लागली.

दंड वसूल होण्याबद्दलही एक वाक्य बोलायला हवे. महाराष्ट्रात ई-चलनांची थकबाकी दोन हजार कोटींच्या वर गेली आहे. कॅमेरा फोटो काढतो, मोबाइलवर संदेश येतो, माणूस तो पुसून टाकतो आणि लोकअदालतीत सवलत मिळेल याची वाट पाहतो. अशा दंडावर तिजोरी भरायला निघालेला अर्थमंत्री फार दिवस टिकायचा नाही.

पुण्याची कथा निराळी. मार्च २०१८ मध्ये महापालिकेपुढे पार्किंग धोरण आले. धोरण अभ्यासपूर्ण होते: गर्दीच्या रस्त्यांना जास्त दर, शांत रस्त्यांना कमी, वेळेप्रमाणे बदल. विरोध असा उसळला की मुख्य सभेने ते पाच रस्त्यांपुरते, प्रयोग म्हणून मंजूर केले, आणि पुढे कित्येक वर्षे ते पाच रस्तेही कागदावरून उतरले नाहीत. पुणेकर कंजूष म्हणून? तशी थट्टा करायची प्रथा आहे. पण त्या चर्चेत एक प्रश्न वारंवार आला आणि त्याला सरळ उत्तर कोणी दिले नाही: आमच्या रस्त्यावर जमलेल्या पैशाचे आमच्या रस्त्याला काय मिळणार? प्रशासन म्हणत होते, सार्वजनिक वाहतूक सुधारेल. लोक म्हणत होते, बघू. या ‘बघू’मध्ये धोरण बुडाले.

ज्यांनी या प्रश्नाला उत्तर दिले, त्यांचे काम झाले. कॅलिफोर्नियातले पॅसाडिना शहर. तिथला जुना बाजार पार मोडकळीला आला होता. १९९३ मध्ये नगरपालिकेने मीटर बसवायचे ठरवले आणि दुकानदार विरोधात उभे राहिले, जसे कुठलेही दुकानदार राहतील. मग पालिकेने त्यांना लिहून दिले की मीटरचा पैसा याच बाजारात राहील. फरसबंदी, झाडे, दिवे, मागच्या गल्ल्यांची सफाई. विरोध मावळला. डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकांनी २००५ मध्ये फुकट पार्किंगच्या किमतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात हे उदाहरण सविस्तर आहे. मीटरचा जन्मही असाच दुकानदारांच्या गरजेतून झालेला. १९३५ च्या जुलैमध्ये ओक्लाहोमा सिटीत पहिला मीटर लागला, तासाला पाच सेंट. कारण काय? दुकानांसमोरची जागा नोकरदारांच्या गाड्या दिवसभर अडवून बसायच्या, गिऱ्हाइकाला थांबायला जागा नसे. जागा फिरती राहावी म्हणून मीटर. त्यातून पैसा पडतो हे नगरपालिकांना नंतर दिसले, आणि मग देशभर मीटर उगवले.

आणि पैसा दिसला की पुढे काय होऊ शकते, त्याची परिसीमा शिकागोने गाठली. डिसेंबर २००८. शहराच्या अंदाजपत्रकाला भोक पडलेले. महापौरांनी शहरातले सुमारे छत्तीस हजार मीटर पंचाहत्तर वर्षांच्या कराराने एका खासगी गुंतवणूक समूहाला दिले, १.१५ अब्ज डॉलर्स घेऊन. नगरसेवकांना विचार करायला दिवसही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दुसऱ्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी हिशेब मांडला की शहराने किमान ९७ कोटी ४० लाख डॉलर कमी घेतले. दर भराभर वाढले, आणि आलेली रोकड त्या वेळची भोके बुजवण्यात गेली. पण खरी मेख करारात होती. शहराने एखादा रस्ता मिरवणुकीसाठी, दुरुस्तीसाठी बंद केला आणि मीटर बुडाला, तर ठरलेल्या मर्यादेपलीकडे शहराने कंपनीला भरपाई द्यायची. स्वतःच्या रस्त्यावर मिरवणूक काढायची आणि त्याचे भाडे भरायचे, २०८३ सालापर्यंत!

तंजावरच्या चार राजवीथींवर हे लावून बघा. २०१५ च्या एप्रिलमध्ये, शंभरेक वर्षांच्या खंडानंतर, मोठ्या देवळाचा रथ पुन्हा या वीथींवरून ओढला गेला. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना आठवत असेल, रस्ते कसे मोकळे झाले होते. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर: चारही वीथींवर एक स्कूटर नव्हती. वीथी मुळात किती रुंद आहे हे तंजावरच्या तरुण पिढीने बहुधा प्रथमच पाहिले. प्रशासनाला रस्ता मोकळा करता येत नाही, हे मग खरे मानायचे कसे? देव येणार असला की करता येतो. रुग्णवाहिका येणार असली की नाही येत.

राजवीथींवर आणि त्यांना फुटलेल्या गल्ल्यांमध्ये, मनोजीअप्पा वीथी असो की दबीर कुळमचा रस्ता, एक गोष्ट निरखून पाहण्यासारखी आहे. सकाळी दुकाने उघडायच्या सुमाराला पहिल्या गाड्या लागतात त्या कोणाच्या? दुकानमालकांच्या आणि त्यांच्या नोकरांच्या. शटर वर करायच्या आधी स्कूटर दारात उभी, ती रात्री शटर पडेपर्यंत. ओक्लाहोमाची १९३५ मधली तक्रार, जशीच्या तशी. गिऱ्हाईक मग दुसऱ्या ओळीत लावते, तिसरी ओळ रिक्षाची, आणि उरलेल्या पट्टीतून बस जाते. दिवसभराच्या मुक्कामाला चढे शुल्क आणि पहिला अर्धा तास फुकट, एवढा एक बदल केला तरी पहिली ओळ दुपारपर्यंत दहा वेळा रिकामी होईल. यातून पालिकेला पैसा फार मिळणार नाही. मिळूही नये, जागा सुटते आहे, याचीच ती खूण.

मोठ्या देवळासमोरचा प्रश्न वेगळा आहे, तिथे पैसा घसघशीत आहे. सुट्यांच्या दिवसांत परगावच्या बसगाड्या आणि मोटारींची रांग लागते. या पाहुण्यांकडून जास्त घ्यावे, त्यात संकोच कशाला? पाहुण्याला मत नाही, हे खरे, आणि म्हणूनच प्रत्येक पालिकेला पाहुण्याचा खिसा सोपा वाटतो. पण बसमधून उतरलेल्या चाळीस-पन्नास जणांना त्या पैशातून स्वच्छ स्वच्छतागृह, प्यायचे पाणी आणि रस्ता ओलांडायला सुरक्षित जागा मिळाली, तर त्याला उकळणे म्हणता येत नाही. बारावी अनुसूचीने वाहनतळ आणि स्वच्छतागृह एकाच ओळीत घातले, ते असे उपयोगी पडते. पाहुण्याने पैसे भरले आणि आडोसा शोधत शिवगंगा कोटाच्या खंदकाकडे जावे लागले, तर मात्र ती वसुलीच.

स्मार्ट सिटी योजनेत तंजावरची निवड २०१६ मध्ये झाली. जुने बसस्थानक नवे झाले, कामराज मार्केट नवे झाले. नव्या इमारती चालवायला दरवर्षी पैसा लागणार, आणि केंद्राची योजना तर संपली. पुढची वर्षे पालिका पार्किंगकडे अधिक आशेने पाहणार, यात शंका नाही. दर वाढतील, यंत्रे येतील, फास्टॅगने पैसे कापले जातील, पावतीपुस्तक जाईल. यंत्राचा एक फायदा आहे, प्रत्येक गाडीची नोंद राहते. एक धोका आहे, ती नोंद कोणाच्या मालकीची हे करारात लिहिले नाही तर ती कंत्राटदाराच्या संगणकात राहते, आणि आपण पुन्हा टेबलावरच्या त्या माणसापाशी येतो.

तेव्हा मागायचे काय? दर कमी करा, हे मागणे सोपे आहे, आणि ते मागणारे पुष्कळ भेटतील. पण आधी हिशेब मागायला हवा, आणि त्याला जागाही आहे. तमिळनाडूने २०२२ मध्ये नियम करून शहरांत प्रभाग समित्या आणि क्षेत्रसभा आणल्या. १ नोव्हेंबर २०२२ रोजी राज्यभर पहिल्या क्षेत्रसभा भरल्या. तिथे नगरसेवक समोर बसतो, अधिकारी समोर बसतो, आणि नागरिकाला बोलायची मुभा असते. साधारणतः तिथे गटार, दिवा आणि कुत्री यांवर बोलणे होते. पुढच्या सभेला तीन कागद मागता येतील. आपल्या प्रभागातल्या वाहनतळाचा ठेका कोणाला, कितीला आणि कुठवर दिला आहे, तो करार. ठेकेदाराने दर महिन्याला भरलेल्या रकमेचा तक्ता. आणि त्या वर्षात त्याच रस्त्यावर पालिकेने काय खर्च केला, त्याची यादी. सभेत मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपये शुल्क. तिन्ही कागद हातात आले की दराचे भांडण जरूर करावे. तोवर पालिका लुटते म्हणणारा आणि पालिका बिचारी म्हणणारा, दोघेही अंदाजपंचेच बोलत राहतील.